चहाचे खून, गटाराचे खून

माघ सरत आला की नाशकात अंबडच्या आमच्या कॉलनीत द्राक्षांच्या हातगाड्या येतात. गाडीवाला घडांवर पाणी मारतो, ओल्या पंज्यानं एक घड उचलतो आणि गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर नाचवतो. मी गॅलरीतून ओरडते, "अरे देठाला धर की, मुडद्या!" तो हसतो. त्याला वाटतं, म्हातारी भाव पाडायला बघतेय. मी द्राक्षं घेत नाही. वीस हंगाम मी ती तोडली, निवडली, पेट्यांत भरली. तेवढी पुरे झाली.

पिकल्या मण्यावर पांढरी भुकटी भुरभुरल्यासारखी झाक असते. बोट लागलं की ती पुसली जाते आणि तिथं गडद डाग उठतो. एकदा उठला की उठला. परदेशी जायचा माल असला की मुकादम एकेक घड उजेडाला धरून बघायचा. "पारूबाय, हे बोट कुणाचं?" मग आम्ही बायासुद्धा बोटं ओळखायला शिकलो. हे सखूचं, रुंद. हे नव्या पोरीचं, घाबरून घट्ट धरलेलं. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण ही एक लिपी मला भल्याभल्यांपेक्षा चांगली वाचता येते.

वाचायची खोडही त्याच शेडमध्ये लागली. बाजारात जाणाऱ्या साध्या मालाच्या लाकडी पेट्यांना तळाला रद्दी घालायची पद्धत होती. रद्दी पोत्यानं यायची आणि तिच्यात फाटक्या रहस्यकथा असायच्या. दुपारी भाकरी खाताना मी हाताला येईल ते पान वाचायचे. बाई मेलेली असायची, तिघांवर संशय असायचा, आणि पुढचं पान कुठल्या तरी पेटीच्या बुडाला बसून परगावी निघून गेलेलं. बाया विचारायच्या, "मंग कोणी मारलं गं तिला?"

"नवऱ्यानं," मी म्हणायचे.

सगळ्या हसायच्या. मंदासुद्धा हसायची.

आता मला पूर्ण पुस्तकं मिळतात. उज्ज्वला आणून देते. ती इथल्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसते आणि दोन गल्ल्या सोडून राहते. गावाला आमच्या घराला लागून निवृत्तीचं घर होतं, मधे एकच भिंत. त्या निवृत्तीची आणि मंदाची ही मुलगी. पाच वर्षांची असताना तिची आई गेली आणि आजी तिला नांदगावला घेऊन गेली. लग्न होऊन ती नाशकात आली, मीही मुलाकडे आले, आणि एक दिवस भाजीच्या गाडीवर भेटलो. तेव्हापासून दर शनिवारी दोन पुस्तकं. एक माझ्या आवडीचं, एक तिच्या.

माझ्या आवडीच्या पुस्तकांना मी चहाचे खून म्हणते. थंड हवेचं गाव, बंगल्यांची ओळ, कुणाच्या तरी दिवाणखान्यात चहा चाललाय, आणि वरच्या खोलीत एक खडूस श्रीमंत म्हातारा मेलेला सापडतो. रक्त फार नाही. रडणं अजिबात नाही. कारण तो कुणालाच नको होता, वाचणाऱ्यालाही नको असतो. मग शेजारची एखादी म्हातारी, स्वेटर विणत, खिडकीतून बघत, भिंतीला कान लावत, सगळं ओळखते. शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवते, बोट दाखवते, तो माणूस कबूल होतो आणि पुन्हा चहा येतो.

उज्ज्वलाच्या आवडीचे ते गटाराचे खून. पहिल्याच पानावर नाल्यात पोतं. इन्स्पेक्टर झोपत नाही, बायको त्याला सोडून गेलेली, साहेब त्याला शिव्या घालतो. मेलेली बाई बहुतेक गरीब असते आणि तिला नाव मिळायलाच शंभर पानं जातात. मग डॉक्टर तिला टेबलावर घेऊन उघडतो आणि एकेक वळ मोजून सांगतो. शेवटी खुनी सापडतो, पण सुटतो. किंवा सुटत नाही, पण सुटल्यासारखाच वाटतो.

आमचं यावरून भांडण ठरलेलं.

"काकू, तुमच्या पुस्तकांत मेलेल्याचं कुणाला काहीच वाटत नाही. कोडं सोडवल्यासारखं सोडवतात."

"आणि तुझ्या पुस्तकांत सगळ्यांना इतकं वाटतं, की कामच होत नाही. नुसते दारू पितात."

"पण खरं तर तेच असतं ना?"

"खरं बघायला पुस्तक कशाला पाहिजे? खिडकी आहे की."

माझी सून शैला आतून ओरडायची, "आई, आज किती मेले?"

"एकच. पण अजून शंभर पानं आहेत!"

दोन्ही प्रकार वाचून वाचून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मेलेल्या माणसाला अंघोळ कुणीच घालत नाही. चहाच्या खुनात प्रेत दुसऱ्या पानावर कुठं जातं ते कळत नाही. गटाराच्या खुनात ते थंड कपाटात ठेवतात, फाडतात, शिवतात. पण पुढं काय? कुणी तरी पाणी तापवलं असेल ना? कुणी तरी केस विंचरले असतील. लिहिणाऱ्यांना ते ठाऊक नसावं. ते काम बायांचं. आणि जे डॉक्टरला दिसतं ते अंघोळ घालणारीलाही दिसतं. फक्त तिला कुणी विचारत नाही.

यंदाच्या हंगामात मला विचारलं गेलं.

पौषात निवृत्तीला लकवा मारला. डावी बाजू गेली. मंदाच्या मागं त्यानं वर्षाच्या आत दुसरी केली होती, ती सहा महिन्यांत पळून गेली. शहाणी होती. तेव्हापासून तो एकटाच. आता त्याचं करायचं कुणी? भावकीनं उज्ज्वलाला फोनावर फोन सुरू केले. पाडव्याच्या आत घेऊन जा म्हणाले. उज्ज्वलाची दोनच खोल्यांची जागा. नवरा कंपनीत पाळीला जातो, ती वाचनालयात, आणि घरात अकरा वर्षांची पोरगी, शाळेतून आली की एकटीच. म्हातारा त्या पोरीच्या जिवावर दिवसभर घरात राहणार. किंवा पोरगी त्याच्या. अर्ध्या अंगाचा माणूस काय करणार, असं कुणी म्हणेल. मला उजव्या अंगाची भीती होती.

पंधरा दिवस मी पुस्तकं उघडली आणि मिटली. त्या पंधरा दिवसांत हातगाड्या वाढल्या. वारा गावाकडून आला की आंबूस वास येतो असं मला वाटायचं. खरं तर अंबडात कंपन्यांच्या तेलाशिवाय कसला वास येत नाही. पण हंगामाचा वास डोक्यात बसलेला असतो. खाली पडून सडलेले मणी, त्यांच्यावर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या, ओल्या मातीत गंधकाची फवारणी, आणि बायांच्या बोटांना चिकटलेला रस, जो दोनदा हात धुतले तरी भाकरीला लागतो.

मंदा गेली त्या वर्षी असाच भर हंगाम होता. सकाळी मी चुलीपुढं बसले होते तर निवृत्तीची चुलती, जिजी, दारात येऊन उभी राहिली.

"पारू, मंदा गेली. झोपंतच. काल छातीत दुखतंय म्हनत होती."

काल मंदा माझ्याशेजारी बसून घड निवडत होती. छातीचं काही म्हणाली नव्हती. ती घड उचलायची ते दोन बोटांनी, देठ मोडू नये म्हणून श्वास रोखून. तिचा एकही घड कधी मागं आला नाही.

निवृत्ती ओट्यावर बसलेला. आजूबाजूला भावकी. सगळ्यांचा एक डोळा रस्त्यावर, कारण दुपारी माल न्यायला गाडी येणार होती, सहा मळ्यांचा माल त्याच दिवशी निघायचा होता. कुणी तरी म्हणालं, माहेरची माणसं आली की लगेच उचलू. डॉक्टर आणायचं कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही.

गावात सवाष्ण गेली की मला बोलवायचे. माझ्या हाताला ते काम जमायचं, मी घाबरायचे नाही. परसात लुगड्याचा आडोसा केला. आत जिजी, सखू, मी आणि भावकीतली एक नवी सून. पाणी कोमट केलं. चोळी काढली तेव्हा नव्या सुनेनं तोंड फिरवलं. तिला वाटलं, लाजायचं असतं.

उजव्या मनगटाच्या वर चार डाग एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. तसेच दुसऱ्या हाताला, कोपरापर्यंत, वेगवेगळ्या दिवसांचे. काही काळे, काही पिवळे पडत आलेले. आणि कानाच्या खाली, जबड्याच्या कडेला, एक अंगठा. तो ताजा. मी तो नुसता बघितला नाही, वाचला. रुंद, आतल्या बाजूला वळलेला, नख वाढलेलं; ओट्यावर बसलेल्या निवृत्तीचा तसाच.

सखूनंही वाचला. ती माझ्याच शेजारी बसून शिकली होती. ती म्हणाली, "पारू..."

मी म्हणाले, "पाणी टाक."

एवढंच. इन्स्पेक्टर नाही, साहेब नाही, मला कुणी धमकी दिली नाही. जिजी डोळ्याला पदर लावून म्हणत होती, "कपाळ घेऊन गेली. भाग्याची." आणि मी माझ्या तोंडानं म्हणाले, पाणी टाक.

पुढचंही मीच केलं. हळद गळ्याला दाट लावली, कानापर्यंत. कासाराकडून आणलेल्या हिरव्या बांगड्या दोन्ही हातांत चार-चार भरायच्या असतात. मी नव्या सुनेला परत पाठवलं आणि अख्खा डबा मागवला. हात ताठ व्हायला लागले होते, बांगड्या चढेनात, साबण लावून चढवल्या. कोपरापर्यंत भरल्या. दोन पिचल्या, त्यांचे तुकडे मीच वेचले. पदर जबड्याखालून घेऊन नीट चापला. काम चोख झालं. उजेडाला धरून बघितलं असतं तरी मुकादमाला काही सापडलं नसतं.

दुपारी नांदगावहून मंदाची आई आली. माहेरचं लुगडं अंगावर घातलं. मग तिनं त्या बांगड्यांवरून हात फिरवला आणि माझ्यापुढं हात जोडले. "माह्या लेकीचा लय मान केला बाई तुम्ही." मी तिचे हात खाली केले आणि कानात सांगितलं, "पोरीला घेऊन जा. इथं ठेवू नका." ती म्हणाली, "तुम्ही देवमाणूस." लोकांना देवमाणूस किती स्वस्तात मिळतो.

गाडी वेळेवर आली. माल वेळेवर गेला.

चहाच्या पुस्तकातली म्हातारी भिंतीला कान लावते तेव्हा वाचणारा म्हणतो, काय हुशार बाई. मीही ऐकत होते. सहा वर्षं त्या भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. भांडं पडलेलं वेगळं, माणूस पडलेलं वेगळं, मला कळायचं. मी रेडिओ मोठा करायचे. सकाळी मंदा शेडवर यायची, मी सरकून तिला जागा द्यायचे, आणि आम्ही घड निवडायचो. तिनं कधी काही सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलं नाही.

का बोलले नाही? कारणं होती. माझा नवरा निवृत्तीच्या चुलत्याच्या मळ्यात सालानं कामाला होता. माझी मुलगी उजवायची होती. पोलीस आले असते तर हंगाम बसला असता आणि सगळ्या गावानं आमच्या दाराकडं बघितलं असतं. अशी कारणं गटाराच्या पुस्तकांत पानंच्या पानं असतात आणि इन्स्पेक्टर ती ऐकून सुस्कारा सोडतो, जाऊ दे म्हणतो. मला तो सुस्कारा आवडत नाही. सखू पुढं दोन वर्षांनी माझ्याशी बोलायची बंद झाली. कारण तिनं सांगितलं नाही. आता तीही नाही.

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी उज्ज्वला आली. पुस्तकं पिशवीतून काढलीसुद्धा नाहीत.

"काकू, ठरलं. पाडव्याच्या आधी बाबांना आणते. लोक नावं ठेवतात. शेवटी बाप आहे."

"आणू नको."

"असं कसं? तुमच्या शेजारीच तर राहायचे. तापट होते, आजी सांगायची. पण आता काय उरलंय त्यांच्यात?"

"तुझी पोरगी दुपारी घरात एकटी असते. आणू नको."

ती माझ्याकडं बघत राहिली. पुस्तकांवरून भांडताना बघते तसं नाही. मग मी सांगितलं. वर लिहिलंय तेवढंच, याच क्रमानं. मनगट, कोपर, जबडा. मी मारताना बघितलं नाही, हेही सांगितलं. मी डॉक्टर नाही, हेही. जे बघितलं ते बघितलं.

ती रडली नाही. म्हणाली, "आजी सांगायची, तुझ्या आईला कोपरापर्यंत चुडा भरला होता. राणीसारखी गेली. मी शाळेत निबंधात लिहिलं होतं ते. 'माझी आई' म्हणून. माझ्याकडं तिचं दुसरं काहीच नाही. त्या बांगड्या तुम्ही भरल्यात?"

"मीच."

"मान म्हणून?"

"नाही. झाकायला."

शैला ओट्यापाशी उभी होती. तिनं गॅस बंद केला.

"पुस्तकात तुम्हाला पन्नासाव्या पानाला खुनी कळतो," उज्ज्वला म्हणाली. "माझ्यासमोर फुशारकी मारता. आणि इतकी वर्षं मी दर शनिवारी तुमच्या दारात येते."

मी तिच्या पिशवीतल्या पुस्तकांकडं बघितलं.

"मला वाटायचं, तुम्ही त्या पुस्तकांतल्या म्हातारीसारख्या आहात. तुम्ही नाही तशा. तुम्ही त्या पुस्तकातल्या बाकीच्या गावासारख्या आहात."

ती पिशवी घेऊन गेली. पुस्तकं तिच्यातच.

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मला आधी वाटलं ते हे, की पोरगी हुशार आहे, बरोबर बोलली. चहाच्या पुस्तकांत गाव कधी कुणी नीट बघत नाही. दूधवाला, पोस्टमन, शेजारीण, सगळे प्रेमळ, सगळ्यांच्या अंगणात फुलं. खुनी एकच असतो, तो काढला की गाव पुन्हा स्वच्छ. मी ती पुस्तकं का वाचायचे ते मला त्या दिवशी कळलं. आणि गटाराची का टाळायचे तेही. त्यात डॉक्टर वळ मोजतो.

दोन शनिवार ती आली नाही. तिसऱ्या शनिवारी, म्हणजे गेल्या आठवड्यात, मी रिक्षा करून वाचनालयात गेले. पहिल्यांदाच. जिना चढताना गुडघे बोलले. टेबलापुढं रांग होती. मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा उज्ज्वलानं वर बघितलं आणि परत रजिस्टरात मान घातली.

"बाबांना आणलं नाही," ती म्हणाली. "चुलते विचारत होते, का आणत नाही. मी तुमचं नाव सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"आईला शेवटची अंघोळ पारूकाकूंनी घातली, त्यांना विचारा. ते खवळलेत. पुढच्या रविवारी येणार म्हणाले. सहा-सात जण, तुमच्याकडे." शिक्का उचलून तिनं दुसऱ्या कुणाच्या तरी पुस्तकावर मारला. "नको असेल तर सांगते, त्या घरी नाहीत म्हणून."

मागचा माणूस म्हणाला, "आजी, आटपा की जरा."

"मी घरीच आहे," मी म्हणाले. "तू ये. पोरीला आणू नको."

"मी येणारच आहे."

मुलगा आठवडाभर माझ्याशी धड बोलत नाही. "या वयात कशाला उकरायचं? गावाला तोंड दाखवायचंय आपल्याला." मी म्हणाले, मी दाखवलंय तीस वर्षं, ते काय फार सुंदर होतं? शैलानं सतरंज्या काढून झटकल्या, सात माणसं बसायची म्हणून.

आज शनिवार. उद्या ते येतील. त्यांच्यातला कुणी ना कुणी म्हणेल, म्हातारीला भ्रम झालाय, खुनाची पुस्तकं वाचून डोकं फिरलंय. म्हणू देत. माझी जीभ एकदा ऐन वेळी अडली होती, उद्याही अडेल, माझा तिच्यावर भरवसा नाही. म्हणून हे सगळं सकाळपासून लिहून काढलं. शैलाला सांगून ठेवलंय, मी गप्प बसले तर हे कागद घे आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच.

तिनं विचारलं, "सगळं?"

"पाणी टाक म्हणाले, तेसुद्धा," मी म्हणाले. "ते आधी वाच."